दिवा लावा, मला जेवू देत नाही

२ मार्च, रविवार

अखेर आज तो सुप्रसिद्ध 'लिफ्टचा भाग' पाहिला. हसावं की रडावं ते कळेना, कारण कुठे हसायचं आणि कुठे रडायचं हेच कळलं नाही.

निळ्या मिशीच्या बापाची ही कार्टून मालिका सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली. आमची लेक पहिलीत होती तेव्हापासून आम्ही ती बघतो. लेक शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. मालिकेतली धाकटी पोरगी अजून दुसरीतच आहे. एवढ्या वर्षांत माझा एकच भाग चुकला, आणि तो नेमका हा. त्या संध्याकाळी मी कुठल्याशा इमारतीच्या मशीनरूममध्ये मोटारीत डोकं घालून बसलो होतो. तेव्हापासून जो तो मला ऐकवतो, "तुम्ही लिफ्टचे सरकारी निरीक्षक, आणि लिफ्टचा भाग पाहिला नाहीत?" त्यातलं शेवटचं वाक्य मात्र कोणी सांगत नाही. ते म्हणे स्वतःच ऐकायचं असतं. पंचविसाव्या वर्षानिमित्त आज पुन्हा दाखवला.

गोष्ट अशी. सगळं कुटुंब नटूनथटून बक्षीस समारंभाला निघतं आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकते. वीस मिनिटं नुसतं भांडण. आजोबा मांडीवर खाऊचा डबा धरून बसलेले. ते भलत्याच प्रश्नाला भलतंच उत्तर देतात आणि सगळ्यांचं हसून झालं की मग हसतात. या विनोदालाही पंचवीस वर्षं झाली. मग दिवे जातात. मिट्ट अंधारात आजोबा ते जगप्रसिद्ध वाक्य बोलतात, "दिवा लावा, मला जेवू देत नाही." एकदम सगळे चिडीचूप. बाप रडायला लागतो. उजेड येतो तेव्हा धाकटी आजोबांचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवते आणि काहीतरी बोलते. ताप बघायला सांगत असावी. संपलं. शेवटची नावं संगीताशिवाय जातात.

अहो, पण कोण जेवू देत नव्हतं? डबा तर त्यांच्याच मांडीवर होता.

वर हल्ली या मालिकेत सगळेच पुटपुटतात. टीव्हीचा आवाज चाळीसवर ठेवावा लागतो. "यात एवढं काय आहे?" असं मी हिला विचारलं. हिचे डोळे ओले झाले होते. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "जरा दुकानात जाऊन या." गेलो. काय आणायचं ते सांगितलं नव्हतं, म्हणून पाव आणला. हिने पावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाव डब्यात ठेवून दिला.

६ मार्च, गुरुवार

पूर्वेकडच्या सहा मजली इमारतीची वार्षिक तपासणी. नेहमीचा मिस्त्री सोबत होता. दरवाजे, दोर, वेगनियंत्रक, सगळं ठीक. लिफ्ट तीनदा वरखाली फिरवली. तीस वर्षांत एक शिकलोय: यंत्र बोलतं. ज्याचा आवाज खटकतो ते मी उघडतो, ज्याचा खटकत नाही त्याच्यावर वरून बॅटरी मारतो. पत्रकात लिहिलं, 'आवाज: सामान्य.'

निघताना सहाव्या मजल्यावरच्या आजींनी अडवलं. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, हात लांब करून मोठ्याने म्हणाल्या, "लिफ्ट खाली जाताना थांबते ना, तेव्हा मांजरीसारखी ओरडते." मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. गडी दिवसभर कानात गाणी घालून हिंडतो. मी आजींना म्हणालो, "आजी, वय झालं की कानात असे आवाज येतात." त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती पत्रकात लिहिण्याजोगी नव्हती.

घरी येऊन जरा पडलो. तासाभराने दार उघडलं तर ही बाहेर पायरीवर बसलेली. किल्ली आत राहिली म्हणे, आणि मी घरात असताना ती दहा मिनिटं घंटा वाजवत होती. तिसरी घंटा आणायला हवी. दोन झाल्या, दोन्ही कुचकामी. हल्ली कुठली वस्तू धड मिळत नाही. नव्या कुकरला तर शिट्टीच नाही.

९ मार्च, रविवार

वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीने वाचकांकडून मालिकेविषयी लेख मागवलेत: 'माझा आवडता भाग.' मी नावडत्यावर लिहायचं ठरवलं. कोणीतरी खरं बोललंच पाहिजे, आणि ते मीच का, हा प्रश्न मला कधी पडलेला नाही.

सकाळी नऊला बसलो, दुपारी दोनला उठलो. मजकूर झकास उतरला. आधी तांत्रिक बाजू: छताचं झाकण बाप आतून उघडतो, ते आतून उघडतच नाही, आपत्कालीन दिवा नाही, सहा माणसं आणि भेटवस्तूंचं खोकं म्हणजे वजन मर्यादेबाहेर, ती लिफ्ट मुळात निघायलाच नको. मग वाङ्मयीन बाजू: 'भुकेवरचा एक शिळा विनोद अंधारात सांगितला म्हणजे तो करुण होत नाही. एका म्हाताऱ्याला जेवायचं आहे, एवढ्याने बाप का रडतो? धाकटीचा ताप शेवटपर्यंत का सांगितला जात नाही? यात न कळण्यासारखं खोल काही नाही. कळण्यासारखंच काही नाही.'

हे शेवटचं वाक्य मी उभा राहून दोनदा वाचलं. मथळा दिला: 'लिफ्टमध्ये अडकलेली अक्कल.'

हिला वाचायला दिला. हिने वाचला, कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पाठवू नका." कारण विचारलं तर खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली. मत्सर म्हणवत नाही, पण घरच्या माणसाचं कौतुक करायला मन मोठं लागतं. पाठवला.

२३ मार्च, रविवार

छापून आला! अर्धं पान. बाजूला निळ्या मिशीच्या कुटुंबाचं चित्र. खाली माझ्या हुद्द्यासकट माझं नाव. पाच अंक आणले. विक्रेता म्हणाला, सगळे एकाच घरात? मी त्याला पान उघडून दाखवलं.

२४ मार्च, सोमवार

कचेरीत मी येताच टाळ्या. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. म्हणाले, "तुमच्यात एवढा विनोद दडलाय हे माहीत नव्हतं. जेवू देत नाही! मी आणि बायको गडबडा लोळलो." मी जरा गोंधळलो. तो भाग गंभीरपणे झोडपलेला होता. पण साहेब हसताहेत म्हटल्यावर मीही हसलो, जरा उशिरा.

दुपारी पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन. लाइन खराब होती, तरी 'उत्कृष्ट' आणि 'शेवटपर्यंत सोंग सोडलं नाहीत' एवढं कळलं. सोंग म्हणजे बहुधा शैली.

२५ मार्च, मंगळवार

लेकीचा फोन. आधी खूप हसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही हे मुद्देसूद लिहिलंय ना?"

"अर्थात," मी म्हणालो. "नेहमीसारखंच."

"खरंच?"

"अगं, पाच तास बसलो होतो."

यावर तिने सुस्कारा सोडला, आणि आईला फोन द्यायला सांगितला. मायलेकी स्वयंपाकघरात अर्धा तास बोलत होत्या. दार लावून.

३० मार्च, रविवार

हे सगळं लिहितो आहे कारण उद्या यातलं निम्मं नाकारायचा मोह होईल.

आजच्या पुरवणीत माझ्या लेखावर चार पत्रं. तिसरं एका निवृत्त शिक्षकांचं. जसंच्या तसं उतरवतो: 'बहिरेपण लपवणाऱ्या आजोबांवरच्या या भागावर, आपण बहिरे आहोत हे ठाऊक नसलेल्या समीक्षकाचं सोंग घेऊन लिहिणं ही कमाल आहे. "दिवा लावा, मला ऐकू येत नाही" या अजरामर वाक्याचं "जेवू देत नाही" करणं तर केवळ अप्रतिम.'

माझा पहिला विचार असा होता की या शिक्षकांचे कान तपासायला हवेत. दुसरा विचार, उत्तर लिहावं. कागद घेतला, दोन ओळी लिहिल्याही. मग पुराव्यासाठी भाग पुन्हा लावला. लेकीने तो रेकॉर्ड करून ठेवायची युक्ती शिकवली आहे. अंधार झाला, आजोबा बोलले: जेवू देत नाही. मागे घेतलं, आवाज पन्नास: जेवू देत नाही. साठ केला तेव्हा ही आतून आली.

"ऐक, आणि खरं सांग," मी म्हणालो. "काय म्हणतात ते?"

हिने टीव्ही बंद केला. माझ्यामागे जाऊन उभी राहिली. मी वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने मी मान वळवून म्हणालो, "अगं, बोल की."

"तीनदा बोलले," ती म्हणाली. आता समोर होती, तोंड दिसत होतं. "अहो, मी तीनदा हाक मारली तुम्हाला."

मी म्हणालो, "तू हळू बोलली असशील."

ती नुसती बाजूला सरली. तिच्या मागे दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या. हातात वाटी, चेहरा चोरट्यासारखा. म्हणजे हाक चांगली शेजारच्या घरापर्यंत गेली होती.

मग तिने सांगितलं. पाव आणला त्या रविवारी ती 'दुकानात जाऊन या' म्हणाली नव्हती. 'कान दाखवून या' म्हणाली होती. लेकीने 'मुद्देसूद' नव्हे, 'मुद्दाम' विचारलं होतं. दोन्ही घंटा उत्तम होत्या, शेजारच्यांकडे लावल्यात. कुकर शिट्टी देतो आणि ती ऐकून तीच उठते. हे तीन वर्षं चाललंय, आणि जितक्यांदा तिने विषय काढला तितक्यांदा मी 'हल्ली सगळे पुटपुटतात' असं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

नाचता येईना, अंगण वाकडं. माझं अंगण तर वर्तमानपत्रात, अर्ध्या पानावर.

२ एप्रिल, बुधवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बसून राहिलो. पाच मिनिटांनी दार उघडून म्हणालो, "करा की सुरू."

"अर्धी तपासणी झाली," त्या म्हणाल्या.

निकाल: खालच्या पट्टीतले आवाज ठीक, वरच्या पट्टीतले गेलेले, डाव्या कानातले जास्त. कारण तीस वर्षं मोटारींच्या शेजारी उघडे कान. 'क', 'त', 'स' असली अक्षरं आधी जातात आणि रिकाम्या जागी मेंदू आपल्या पदरचं काहीतरी भरतो. माझ्या मेंदूने जेवण भरलं, यावरून त्याची झेप कळावी. श्रवणयंत्र तीन आठवड्यांनी मिळेल.

सहज विचारलं, वरच्या पट्टीतला आवाज म्हणजे कसला?

"पक्षी, शिट्टी, दाराची घंटा," त्या म्हणाल्या. "धातूवर धातू घासला तर."

बाहेर आल्यावर मी पायऱ्यांवर बसलो. ही सोबत होती. तिला वाटलं मला चक्कर आली. मला मांजर आठवलं होतं.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी सातला मिस्त्रीला घेऊन पूर्वेकडच्या इमारतीत. त्याच्या कानातली गाणी काढून घेतली. लिफ्ट सहाव्यावरून खाली सोडली. मिस्त्री म्हणाला, "ओरडतेय की हो." मला काही नाही. अगदी शांत. इतकी सुंदर शांतता मी आजवर कितीदा 'सामान्य' म्हणून लिहिली असेल?

ब्रेक उघडला. एका बाजूचं अस्तर ते धरून ठेवणाऱ्या धातूच्या रिव्हेटपर्यंत झिजलेलं, रिव्हेट ब्रेकच्या ड्रमवर घासत होते. गिअरचं तेल झिरपून ड्रमपाशी आलं होतं. आणखी चार दिवस, फार तर पंधरा. मग कधीतरी भरलेली लिफ्ट थांबायच्या जागी थांबली नसती. मिस्त्रीने बॅटरी विझवली.

मेन स्विच काढला, कुलूप लावलं, प्रत्येक मजल्यावर 'लिफ्ट बंद' पाटी. सुटे भाग मागवायचे, ड्रम घासायचा, म्हणजे तीन आठवडे.

मग मिस्त्री म्हणाला, "वर कशाला कळवायचं? मी अस्तर बदलतो, दुरुस्ती नेहमीची दाखवू. तुम्ही तपासलं तेव्हा ठीक होतं, नंतर झिजलं. कोण बघतंय?"

मी म्हणालो, "बघू." हे लिहिताना लाज वाटते, पण 'बघू' म्हणालो.

सहाव्या मजल्यावर आजींच्या दारात गेलो. त्यांना आठवड्यातून तीनदा उपचारांना जावं लागतं, हे सूनबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. मी म्हणालो, "आजी, तुमचं बरोबर होतं, माझे कान गेलेत." आजी खिडकीकडे बघत काहीतरी बोलल्या. एकदा, मग परत. मला तिसऱ्यांदा विचारायचा धीर होईना. मी मान डोलावून "हो हो, नक्की" म्हणालो आणि निघालो.

आपण बहिरे आहोत हे कळून चोवीस तास झाले होते, आणि मी तेच करत होतो जे त्या कार्टूनमधला म्हातारा करतो.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी साडेसातला इमारतीच्या रखवालदाराचा फोन. मला काही कळेना म्हणून हिच्याकडे दिला. हिने ऐकलं, फोनवर हात ठेवला.

"आजी तयार होऊन बसल्यात. तुमची वाट बघतायत."

"कशासाठी?"

"लिफ्ट सुरू होईपर्यंत मला उचलून कोण नेणार, असं त्यांनी काल विचारलं. तुम्ही 'हो हो, नक्की' म्हणालात."

मी सांगायचा प्रयत्न केला की हा गैरसमज आहे. ही म्हणाली, "गैरसमज तुमचा. शब्द त्यांना दिलेला." आणि माझा डबा भरायला गेली.

सहा मजले म्हणजे एकशे वीस पायऱ्या. साध्या लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले; पुढे मिस्त्री, मागे मी. आजी वजनाने हलक्या आणि सूचनांनी जड. "डावीकडे. खुर्ची कललीय. तुम्ही धापा टाकताय, ते मला ऐकू येतंय." चौथ्या मजल्यावर मला वाटलं, आपण इथेच निवृत्त होणार. खाली पोचल्यावर त्या माझ्या उजव्या कानाशी आल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "परतीला साडेअकरा. सोमवारी याच वेळेला."

मिस्त्री मागून पुटपुटला. काय ते ऐकू आलं नाही. बहिरेपणाचे फायदेही आहेत.

७ एप्रिल, सोमवार

आजींना उतरवून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. घाम पुसायच्या आत बोलून टाकलं, कारण पुसल्यावर बोललो नसतो. ब्रेक, मांजर, डॉक्टरांचा अहवाल, आणि वर्षभरात मी 'आवाज: सामान्य' लिहिलेल्या त्रेसष्ट लिफ्टची यादी.

साहेब बराच वेळ यादी वाचत होते. मग म्हणाले, "म्हणजे तो लेख?"

"विनोद नव्हता, साहेब."

"आम्ही गडबडा लोळलो होतो हो," ते दुःखी होऊन म्हणाले. त्यांना ब्रेकपेक्षा ते जास्त लागलं की काय, अशी क्षणभर शंका आली. मग त्यांनी पेन उघडलं. "अहवालात काय लिहू? 'कानाडोळा' लिहिलं तर निम्मं खरं होईल."

निर्णय: त्रेसष्टच्या त्रेसष्ट पुन्हा तपासायच्या. मी आजपासून नोंदी विभागात. "यंत्र बसल्यावर?" मी विचारलं. साहेबांनी मान हलवली. मग मला नीट कळावं म्हणून कागदावर लिहून तो माझ्याकडे फिरवला: 'मशीनरूम नाही. यापुढे नाही.'

तीस वर्षांचं काम चार शब्दांत. ऐकायला लागलं नाही हे बरं.

दुपारी सहकारी माझ्या टेबलावरून गेले. त्रेसष्ट लिफ्ट त्यांच्या बोकांडी बसल्या होत्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

११ एप्रिल, शुक्रवार

आज तिसऱ्या मजल्याच्या वळणावर दम घ्यायला थांबलो तेव्हा आजींनी लेखाचा विषय काढला. सुनेने वाचून दाखवला होता.

"तो भाग मलाही आवडत नाही," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

मला एकदम आधार वाटला. "झाकण आतून उघडत नाही ना?"

"झाकण गेलं खड्ड्यात. त्या घरात आजोबा आहेत, तशी आजीही आहे ना? की मेली?"

"आहे. कोपऱ्यात उभी असते. बोलत नाही."

"तेच म्हणते मी. म्हातारा ऐकू येत नाही म्हणाला की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. नात गळ्यावर हात ठेवून घेते. वा. पण इतकी वर्षं ज्या बाईने प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली, त्याच्या वाटचं फोनवर बोलली, पाहुण्यांसमोर सावरून घेतलं, तिच्याकडे कॅमेरा वळतो का एकदा तरी? आमचे हे बारा वर्षं बहिरे होते. बारा वर्षं मी दोघांपुरतं ऐकलं. माझ्यावर कोणी भाग काढला नाही."

मिस्त्रीने बांबू खांद्यावर घेतला. मी घेतला नाही.

"उचला आता," आजी म्हणाल्या. "उशीर होतोय."

२३ एप्रिल, बुधवार

यंत्र मिळालं. कानामागे, वालाच्या दाण्याएवढं. पहिला तास भयंकर. कागदाचा आवाज येतो. माझ्या बुटांचा येतो. आणि माझा स्वतःचा! मी कचेरीत 'चहा आहे का?' विचारलं आणि दचकलो. असा ओरडतो मी? शिपाईमामा म्हणाले, "तीन वर्षं. आम्हाला वाटायचं, रागावलात."

आज दुसरं वृत्त: त्रेसष्टपैकी एकोणचाळीस तपासून झाल्या. दोन ठिकाणी दोष सापडले, दोन्ही किरकोळ. हे वाचून मी नोंदी विभागातल्या कपाटामागे जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने बाहेर आलो.

२५ एप्रिल, शुक्रवार

लिफ्ट सुरू झाली. प्रमाणपत्रावर दुसऱ्या निरीक्षकबाईंची सही. मी फक्त नोंदवही धरून उभा. आजी खुर्चीतून स्वतः बटण दाबून खाली आल्या. आमच्या बांबूंकडे बघून म्हणाल्या, "वाईट नव्हतं. पण याला धापा लागत नाहीत." मिस्त्रीने सुटकेचा निःश्वास टाकला. तो मात्र मी अगदी व्यवस्थित ऐकला.

२७ एप्रिल, रविवार

भाग पुन्हा पाहिला, आवाज अठरावर. 'दिवा लावा, मला ऐकू येत नाही.' ऐकलं, आणि बापासारखाच रडलो. ओठ दिसल्याशिवाय ज्याला कळत नाही त्याला अंधारात किती एकटं वाटत असेल, हे ज्याने लिहिलं त्याला दंडवत. धाकटी गळ्यावर हात ठेवून घेते, कारण आवाज तिथे हाताला लागतो. ताप म्हणे. मला त्या 'तापा'साठी भर चौकात उभं करायला हवं.

मग पुन्हा लावला. या वेळी फक्त आजीकडे बघत राहिलो. बावीस मिनिटांत ती अकरा वेळा दिसते. सहा वेळा तिचं तोंड आजोबांच्या कानाशी असतं. अंधारानंतर सगळे आजोबांभोवती गोळा होतात तेव्हा ती चित्रातच नाही. चित्रकार तिला काढायला विसरला.

तर माझं मत कायम आहे. भागाचं कौतुक फाजील आहे. फक्त कारण बदललं, आणि माझ्या तिन्ही तांत्रिक हरकती शाबूत आहेत.

लेख लिहिला. दोन तासांत. या वेळी उभा राहून वाचला नाही.

७ मे, बुधवार

संपादकबाईंचा फोन. लाइन अगदी स्वच्छ होती; दुर्दैवाने. लेख प्रामाणिक आहे, पण पहिल्यातली मजा नाही, म्हणून छापता येणार नाही. "पुन्हा ते बहिऱ्याचं सोंग जमतंय का बघा," म्हणाल्या.

मी म्हणालो, "ते सोंग आता जमणार नाही." त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि या वेळी दोष कानाचा नव्हता.

११ मे, रविवार

न छापलेला लेख हिला वाचायला दिला. हिने चष्मा लावून सावकाश वाचला. शेवटच्या पानावर आल्यावर परत पहिल्या पानावर गेली.

"आजीचं हे तुम्हाला सुचलं?"

"नाही. सहाव्या मजल्यावरच्या आजींना."

"वाटलंच," ती म्हणाली, पण कागद खाली ठेवला नाही.

चहा ओतला. ओतल्याचा आवाज येतो, हे मी विसरलो होतो. मी तिला विचारलं, या तीन वर्षांत सगळ्यांत जास्त त्रास कशाचा झाला? मला वाटलं, फोन म्हणेल, टीव्ही म्हणेल, दाराबाहेर पायरीवर बसणं म्हणेल.

तिने विचार केला. "गमतीच्या गोष्टींचा. कामाचं दोनदा सांगता येतं, हो. भाजी आणा, बिल भरा, दोनदा काय, चारदा सांगते. पण गमतीचं दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं की ते गमतीचं राहत नाही. मग मी सांगायचंच सोडून दिलं."

मी तीन वर्षांत तिच्याकडून एकही गंमत ऐकली नाही, आणि मला वाटत होतं, वयामुळे माणूस गंभीर होतं.

"एखादी आठवते का?" मी विचारलं.

"खूप साठल्यात," ती म्हणाली. मग कपाकडे बघत, नेहमीच्या हळू आवाजात बोलायला लागली. ती शाळेच्या ग्रंथालयात आहे. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी लोखंडी पाटी होती. शिक्षण खात्याचे अधिकारी पाहणीला आले, मुलं कधी नव्हे ती मूर्तीसारखी बसली. अधिकारी खूश होऊन म्हणाले, काय हो ही शांतता. आणि नेमकी तेव्हाच पाटी खिळ्यातून निसटून लोखंडी कपाटावर पडली, कपाटावरून बादलीवर, आणि बादली गडगडत थेट पायऱ्यांवरून खाली. अधिकारी टेबलाखाली. मुख्याध्यापक त्यांच्या आधी तिथे पोचलेले.

ती पुढचं सांगायच्या आतच मी हसलो. चहा सांडला.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी."

"आणि मुख्याध्यापक काय म्हणाले?"

तिने खुर्ची पुढे ओढली, पण आवाज वाढवला नाही.